ताणातलं पाणी

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तिनं टाक्यात तोंड बुडवलं आणि मी तिचा अंबाडा धरून उभा राहिलो.

हे सांगितलं की लोकांना आधी हसू येतं, मग हसलो म्हणून त्यांना वाईट वाटतं. वाईट वाटून घेऊ नका. ती स्वतःच हसत होती.

टाकं आमच्या संत्र्याच्या बगीच्यातलं. विहिरीजवळ आहे, सिमेंटचं, कमरेइतकं उंच. पंपाचं पाणी आधी त्यात पडतं. पुसाचे थंडीचे दिवस होते, पण दुपारचं ऊन चांगलं होतं. तिनं पदर खोचला, पोरीनं पाठवलेला रबरी चष्मा नाकाडोळ्यांवर चढवला, वाकडी नळी दातांत धरली आणि काठावर पोट टेकवून वाकली. नळीचं टोक पाण्याच्या वर राहतं, त्यातून श्वास घ्यायचा. माझ्याकडे अंबाडा होता, कारण डोकं जड होऊन आपण आत जाऊ अशी तिला भीती.

"सोडलं तं पाहा," असं तिनं आधीच बजावलं होतं.

"सोडलं तं काय होईन? टाकं हाय, समुद्र थोडीच हाय."

नळीतून फूं फूं आवाज येत होता. "म्हैस पाण्यात बसल्यासारखी वाटून राह्यली," मी म्हटलं. पाण्यात असून तिनं ते ऐकलं आणि हात मागं करून माझ्या मांडीला चिमटा काढला.

वर आली तेव्हा नाकातून पाणी, कपाळावर रबराचा लाल वळ, आणि तोंड, आमची पोरगी झाली तेव्हा होतं तसं.

"पाहून राह्यली होती माह्याकडं!"

"कोण?"

"मासोळी. समोरून. तोंड उघडझाप करून राह्यली होती, तुम्ही भांडता तशी."

मग आम्ही काठावर बसलो. तिचे केस वाळेपर्यंत बसावं लागलं. टाक्याजवळच्या दोन झाडांकडे पाहून ती म्हणाली, "या दोघायचं पाणी राह्यलं आज."

"देतो आता."

"बसा जराक. उद्या सकाळी पहिलं काम हे. एक बादली तुमची, एक माही."

ऊन उतरलं तसे आम्ही घरी आलो. त्याच संध्याकाळी ती गेली.

आता हे चष्मा आणि नळीचं प्रकरण कुठून आलं ते सांगतो. मी चौथी शिकलेला माणूस आहे, मला गोष्ट उलटी-सुलटी लिहिता येत नाही. पण सुरुवात तिथूनच करावीशी वाटली, म्हणून केली.

आम्हाला एकच पोरगी. नागपूरला राहते, जवाई कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. दिवाळीला दोघं आले आणि जवायांनी मोबाईल माझ्यासमोर धरला. निळं पाणी, पांढरी वाळू, नारळाची झाडं. "बाबा, आपण चौघं या बेटावर जाऊ. खर्च माह्याकडं." बेटाचं नाव मला तेव्हाही घेता आलं नाही, आता घेऊन काय करू.

मी विचारलं, "तिथं जाऊन कराचं काय?"

जवाई बिचारे तयारीनं आले होते. सकाळी गोल्फ, दुपारी समुद्रात स्नॉर्कलिंग, संध्याकाळी डिनर. मला एकही समजलं नाही.

गोल्फचं त्यांनी समजावलं. खूप मोठं हिरवंगार गवत, त्यात ढोर चरू द्यायचं नाही. दूर एक भोक. पांढरी गोळी काठीनं मारत मारत त्या भोकात घालायची.

"जवळ जाऊन हातानं टाकली तं?"

"मंग खेळ कायचा, बाबा?"

"तेच तं म्हणून राह्यलो."

पोरगी स्वयंपाकघरातून हसली. जवाई हसले नाहीत. त्यांचे वडील लहानपणीच गेले, मला गोल्फ खेळवायची त्यांना खरोखरच हौस होती. हे मला नंतर पोरीच्या आईनं सांगितलं, आणि चांगलं दामटूनही सांगितलं, "त्यायच्याशी असं तोडून नका बोलू. तुम्हाले गोळी माराले लावून राह्यले, विष खाले नाई."

जेवणाचा फोटो दाखवला. समुद्राच्या काठी वाळूत टेबल, वर दोन मेणबत्त्या.

"लाईट नाई का तिथं?" मी.

"असते बाबा. मुद्दाम लावते मेणबत्ती."

ती विचारत होती, "मांडी घालून बसू देतीन का? मी ज्वारीचं पीठ घेतो, मिरचीचा ठेचा घेतो. तवा तिथं असनच."

"आई, तिथं भाकर थापशीन का तू? समुद्राच्या काठावर?"

"मंग काय झालं. जेवाले एवढे पैसे घेते, तं तवा नाई ठेवत?"

पण स्नॉर्कलिंगचा फोटो आला आणि तिनं जवायांच्या हातातून मोबाईल काढूनच घेतला. एक बाई पाण्यात पालथी तरंगत होती आणि तिच्या नाकासमोर एक पिवळी मासोळी, तिच्याकडे तोंड करून. ती मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन कितीतरी वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "मी येतो." कोणी तिला अजून विचारलंही नव्हतं.

तिचं माहेर सौसरकडचं, लोधीखेड्याच्या पुढं. पोरगी असताना नदीवर धुणं घेऊन जायची. पाण्यात पाय सोडून बसली की बारक्या मासोळ्या येऊन टाचेला चावायच्या. हे तिनं मला लग्न झाल्यावर सांगितलं होतं, पण पुढचं कधी सांगितलं नव्हतं. ते त्या दिवशी सांगितलं.

"वरून पाह्यलं तं पाठच दिसते तिची. बैल समोरून पाह्यला, साप समोरून पाह्यला, तुम्हाले तं रोजच पाहतो. मासोळी कधी समोरून नाई पाह्यली."

"बजारात दिसते ना."

"ते मेली रायते. मेल्याचं तोंड काय पाहाचं?"

मी नाही म्हणालो. आमचा बगीचा तिगाव स्टेशनच्या रस्त्याला लागून आहे. त्या स्टेशनावरून किती गाड्या गेल्या, मी बसलो त्या मोजक्याच. बगीच्याला पाणी कोण देईल, फवारा कोण मारेल, राखण कोण करेल, हे मी लग्नापासून सगळ्यांना सांगत आलो. सोयऱ्यांच्या लग्नातही जेवलो की उठलो. जवायांनाही तेच सांगितलं.

ती ऐकून सोडून देणारी नव्हती. दोन दिवसांनी भाकर वाढता वाढता म्हणाली, "ताणात जाऊ."

तिनं माझीच दोरी माझ्या पायात टाकली होती.

ज्यांच्याकडे संत्रा नाही त्यांच्यासाठी सांगतो. थंडीत आम्ही झाडाचं पाणी तोडतो. त्याला ताण म्हणतात. झाड तहानलेलं ठेवायचं. पानं वळतात, पिवळी पडतात, काही गळतात. पाहणाऱ्याला वाटतं, हा माणूस झाडं मारून राहिला. मग संक्रांतीच्या सुमाराला पाणी सोडलं की ते झाड अंगभर फुलतं. ताण बसला नाही तर बहार नाही. आणि ताणात झाडाला काही म्हणजे काही लागत नाही. फळ नाही म्हणून राखणही नाही. मालकानं घरी बसून विड्या ओढाव्या. म्हणजे ज्या कामाला कधी सुटी नाही म्हणून मी मिरवत होतो, त्याला दरसाल सुटी होतीच. तिनं ती इतकी वर्षं पाहून ठेवली होती.

"संक्रांतीच्या आत वापस यायचं," मी म्हटलं.

"आलो," ती म्हणाली, जसं काही जाऊनही झालं.

मग तयारी. जवायांनी सांगितलं होतं, बाबा थोडी प्रॅक्टिस करा. मी एक बाभळीची काठी घेतली, खाली वाकडी होती. झाडाखाली पडून वाळलेली, दगडासारखी झालेली संत्री होती. तिनं खुरप्यानं एक खड्डा करून दिला. मी मारायचो आणि संत्रं भलतीकडंच जायचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात, त्या गोटमारीत मी पोरगा असताना दोन-चार दगड फेकले होते, आणि ते सगळे पाण्यात पडले होते. हे तिला कोणी सांगितलं देव जाणे.

"तुमचा निशाना गोटमारीत नाई लागला, इथं काय लागन!"

"तू मार मंग."

तिनं मारलं. पहिल्यात गेलं. काठी मला परत देताना तिनं काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं होतं.

मग पोरीनं चष्मा आणि नळी पाठवली. टाक्यात पाहते तर सगळं हिरवं. शेवाळात काय दिसणार. टाक्यात बारके मासे होते, आरोग्यवाल्या बाईनं डासांसाठी सोडलेले. ते तिला दिसेनात. मी एक दिवस पांढुर्ण्याच्या बाजारात गेलो होतो. तिनं मासे गाळून बादलीत काढले, टाक्याचं बूच ओढलं, आतून घासून घासून टाकं धुतलं आणि पंप लावून पुन्हा भरलं. विहिरीचं पाणी काचेसारखं.

मी आलो तर ती काठावर बसून मला दाखवून राहिली, "पाहा, तळ दिसते!"

मी तळ पाहिला नाही. मी टाक्याच्या तोंडाशी असलेली दोन झाडं पाहिली. टाकंभर पाणी पाटाच्या दांडानं वाहत जाऊन त्यांच्या आळ्यात बसलं होतं. चिखल झाला होता. बाकी सगळा बगीचा पानं वळून उभा, आणि ही दोन झाडं पिऊन ताजीतवानी.

"अवं, ताण तोडला तू!"

ती पाहत राहिली. मग तोंडावर हात ठेवला. ताणात कोणी झाडाखाली चूळ भरली तरी अंगावर जाणारी बाई ती. माझ्यापेक्षा तीच कडक. पण त्या दिवशी तिचं डोकं पाण्याखाली होतं. पाणी कुठं जाईल हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

"आता हे फुटतीन," मी म्हटलं. "फुटले की पाणी मांगतीन. पाणी द्याले माणूस पाहिजे. झालं तुह्यं बेट."

"दोन झाडं तं हायेत."

"दोन असो का दोनशे."

"वाळू द्या मंग. दोन झाडाचा बहार गेला तं गेला."

हे ती म्हणाली खरी, पण माझ्याकडे पाहून नाही. दोघांनाही माहीत होतं. आपण पाणी पाजून फुलावर आणलेलं झाड तहानेनं फुलं गाळताना पाहायचं, हे आमच्यानं होणारं नव्हतं. ती उठून बादलीतले मासे टाक्यात सोडायला गेली. पाठमोरी होती. त्या पाठीवरून मला समजलं की हिला किती जायचं आहे.

पोरीचा फोन आला की मी मोबाईल तिच्याकडे द्यायचो, आणि ती म्हणायची, "हो हो, तयारी चालू हाय." तिनं पोरीला झाडांचं सांगितलंच नाही.

दोन-तीन आठवडे गेले. त्या दोन झाडांवर मोहरीच्या दाण्याएवढ्या कळ्या आल्या. कळ्या मी आधी पाहिल्या. पाहिल्या आणि शेजारच्या बगीच्यात गेलो. तिथला मालक माझ्याच वयाचा, त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "वहिनी कालच येऊन गेल्या गा. म्या हो म्हटलं त्यायले. दोन बादल्या पाणी तं हाय. येताना मले एक शिंपला आणजा म्हटलं, मोठा."

म्हणजे ती माझ्या आधी पोचली होती. मी घरी येऊन म्हटलं, "शिंपला आणा लागते म्हणे."

ती पीठ चाळत होती. चाळणी थांबली. "मोठा सांगतला," ती म्हणाली, आणि पुन्हा चाळू लागली. पण मग रात्रीच्या जेवणाला बिनकारणाची शेवयांची खीर होती.

त्यानंतर रोज दुपारी टाक्यावर. आधी नुसती नाक बुडवायची आणि घाबरून वर यायची. मग कान. मग पूर्ण तोंड. मासे पळून जायचे, तिला शेपट्याच दिसायच्या. "एवढुशा टाक्यातल्या मासोळ्या थांबत नाई, समुद्रातल्या काय थांबतीन," असं म्हणून रुसायची. मी म्हणायचो, "तू हलू नको ना. पाहुणी हाय तू तिथं." आणि ती दोन झाडं फुलत चालली. सगळा बगीचा सुकलेला, आणि मधे दोनच झाडं पांढरी, वास टाक्यापर्यंत. ती म्हणायची, "हे दोघं आपल्या आधीच गेले फिराले."

मग तो दिवस, जो मी वर सांगितला. मासोळी थांबली. तिनं तोंड पाहिलं. जायला आठवडाही उरला नव्हता.

संध्याकाळी चुलीपुढं बसली होती. म्हणाली, "मले कसंतरी होऊन राह्यलं." पाणी दिलं, तेही प्यायली नाही. शेजाऱ्याच्या गाडीत घालून पांढुर्ण्याला नेलं. रस्त्यात माझं बोट धरून होती. दवाखान्याचे दिवे दिसले आणि बोट ढिलं झालं. डॉक्टरनं तपासलं, पण मला आधीच समजलं होतं. यापेक्षा जास्त मी लिहिणार नाही.

सकाळी अंगणात माणसं जमली. पोरगी आणि जवाई आले होते. तिची धाकटी बहीण अमरावतीहून निघाली होती, तिच्यासाठी सारे थांबले होते. मला कोपऱ्यात खुर्चीवर बसवलं होतं आणि जो येईल तो खांद्यावर हात ठेवत होता. भिंतीशी तिची नवी बॅग होती. वरच्या कप्प्यात ज्वारीच्या पिठाची पिशवी, तोंड सुतळीनं बांधलेली. जवाई माझ्याजवळ उकिडवे बसले. डोळे लाल होते त्यांचे. म्हणाले, "बाबा, टिकटाचं मी पाहून घेतो. तुम्ही काई मनात आणू नका."

तेव्हा मला पाण्याचं आठवलं.

मी उठलो. लोकांना वाटलं, म्हातारा बाहेर जाऊन येतो, म्हणून कोणी अडवलं नाही. मागच्या दारी दोन बादल्या होत्या, त्या घेतल्या. सुतकात शेताचं काम करत नाहीत हे मलाही माहीत आहे. बगीच्यात आलो. दव पडलं होतं. पाकळ्या थोड्या खाली पडल्या होत्या, पानं मरगळली होती. एक दिवस चुकला तर फुललेलं झाड लगेच सांगतं.

पहिली बादली भरली आणि अलीकडच्या झाडाच्या आळ्यात ओतली, बुडाला न लावता, गोल फिरवून.

पोरगी मागं येऊन उभी राहिली होती. धावत आली असावी, पायात चप्पल नव्हती.

"बाबा, काय करून राह्यले तुम्ही? मावशी आली. सारे वाट पाहून राह्यले."

"या दोघायचं पाणी राह्यलं होतं काल."

"दुसरं कोणी देईन ना बाबा."

"कोणी कायले? आमचं ठरलं होतं."

ती जवळ आली. झाडांवरची फुलं पाहिली, मग बाकीचा सुकलेला बगीचा पाहिला. शेतकऱ्याची पोरगी आहे, तिला सांगावं लागलं नाही की काहीतरी चुकलेलं आहे. कसं चुकलं तेवढं मी सांगितलं. टाकं, बूच, चष्मा, मासोळी. ती ऐकता ऐकता हसली आणि मग खालीच बसली, चिखलात. मी तिला रडू दिलं.

मग डोळे पुसून म्हणाली, "हे म्हणते, तुमचं टिकट तरी ठेवू. तुम्ही चला, बाबा. आईसाठी चला."

"जवायाले सांग, रद्द करा म्हणा दोन्ही. त्यायचा जीव मोठा हाय, पण आता ताण तुटला. आता निघता येत नाई."

"बरं." तिनं माझ्या हाताला धरलं. "चला आता. शेवटचं तोंड पाहून घ्या तिचं. मंग नेतीन."

"पाह्यलं म्या काल," मी म्हटलं. "ओलं होतं. तेच राहू दे."

तिनं दुसरी बादली उचलायला हात घातला. मी म्हटलं, "ठेव, ते तुह्या मायची हाय." टाक्यात बुडवली तर पाण्यासोबत एक मासोळी आली. वरून नुसती पाठ दिसत होती, गवताच्या काडीएवढी. ती टाक्यात परत सोडली. बादली पुन्हा भरली, पलीकडच्या झाडाला घातली. पाणी जिरेपर्यंत आम्ही दोघं तिथं उभे राहिलो, मग घरी निघालो.